पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षं लागली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाडी उभी केली ती माणसं शिकवून

किर्लोस्करवाडी (ता. पलूस) : मिरज-पुणे रेल्वे मार्गावरच्या या स्टेशनाचं मूळ नाव कुंडल रोड. एका कारखानदाराच्या आडनावावरून स्टेशनाचं नाव बदललं, एवढं भागातल्या बहुतेकांना माहीत असतं. पण तो कारखानदार आधी चित्रकलेचा विद्यार्थी होता, मग मास्तर, मग सायकल दुकानदार आणि त्यानंतर नांगरवाला झाला, हे नव्या पिढीच्या कानावर फारसं आलेलं नाही. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर, म्हणजे लकाकि. त्यांचा जन्म २० जून १८६९ चा आणि निधन २६ सप्टेंबर १९५६ चं. मधल्या ८७ वर्षांत या माणसाने यंत्रं तर बनवलीच, पण त्याहून मोठं काम म्हणजे, धंदा हा एकमेकांकडून शिकायचा असतो हे त्यांनी स्वतः करून दाखवलं.

आज तालुक्याच्या गावात वेल्डिंगचं दुकान, दुधाचं संकलन केंद्र नाहीतर पिठाची गिरणी टाकणाऱ्या पोराला पहिली अडचण पैशाची वाटते. वर्षभर गेलं की कळतं, खरी अडचण विचारायचं कुणाला ही आहे. भाव कसा लावायचा, उधारी कशी वसूल करायची, माल परत आला तर काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात नसतं. सव्वाशे वर्षांपूर्वी लक्ष्मणरावांपुढेही हेच कोडं होतं. त्यांना विचारायला तर कुणीच नव्हतं.

वडिलांना नको, थोरल्या भावाला हवं

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचा अभ्यास असणारे. मुलाने चार बुकं शिकून सरकारी नोकरी धरावी ही त्या काळची रीत. पण लक्ष्मणचं मन शाळेत रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद, चित्रं काढणं आणि हाताला येईल ते यंत्र खोलून बघणं.

वडिलांची नापसंती असताना १८८५ साली हा मुलगा मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पाठीशी उभे राहिले ते थोरले भाऊ रामचंद्रराव, घरात सगळे त्यांना रामूअण्णा म्हणत. लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला पहिला मार्गदर्शक कोण, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. धंद्याचं ज्ञान रामूअण्णांकडेही नव्हतं. पण धाकट्याचा कल कुठे आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याला पैसे पुरवले. बऱ्याच वेळा मार्गदर्शन म्हणजे एवढंच असतं.

दोन वर्षं झाली आणि एक विचित्र गोष्ट उघडकीला आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक नीट दिसत नव्हता. चित्रकाराला रंग दिसत नसतील तर संपलंच. दुसरा कुणी असता तर सामान बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांची रेखाटनं काढायला रंग लागत नाहीत. ते यांत्रिक रेखाकला शिकले आणि मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तो विषय शिकवायला लागले.

इथे मास्तर स्वतःच विद्यार्थी झाला. वर्गात रेखाटन शिकवायचं आणि तास संपला की वर्कशॉपमध्ये जाऊन लेथ, भट्टी, बॉयलर कसं चालतं ते बघायचं. अमेरिकेतून यांत्रिकी विषयाची मासिकं मागवायची, त्यातली चित्रं आणि जाहिराती बारकाईने वाचायच्या. ज्या देशात ते कधी गेले नव्हते तिथल्या कारखानदारांना त्यांनी कागदावरून गुरू केलं.

बेळगावचं सायकल दुकान

मुंबईत तेव्हा सायकल ही नवलाई होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, स्वतः शिकले आणि बेळगावला रामूअण्णांना कळवलं. १८८८ साली दोघा भावांचा धंदा सुरू झाला. धाकटा मुंबईहून सायकली पाठवणार, थोरला बेळगावात विकणार. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपयांच्या घरात. त्या काळात एवढे पैसे मोजणारे गिऱ्हाईक मोजकेच, बडे अधिकारी नाहीतर पैसेवाले. पण नुसती सायकल विकून चालत नव्हतं, ती चालवता आली पाहिजे. मग रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल शिकवायचे आणि त्याचे १५ रुपये वेगळे घ्यायचे.

वस्तू विकायची असेल तर आधी ती वापरायला शिकवावी लागते, हा धडा दोघा भावांना या दुकानात मिळाला. पुढे नांगराच्या वेळी हाच धडा उपयोगी पडला. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

मुंबईत मात्र लक्ष्मणरावांचं मन फार दिवस रमलं नाही. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. काम येतं की नाही यापेक्षा जात आणि कातडी बघितली जाते हे त्यांना लागलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला येऊन भावाच्या जोडीने पूर्णवेळ धंद्यात उतरले. पवनचक्क्या विकणं, छोटी यंत्रं बनवणं, दुरुस्त्या, असं मिळेल ते काम सुरू झालं. त्यातून शेतीच्या अवजारांकडे त्यांचं लक्ष गेलं. आधी कडबा कापायचं यंत्र तयार झालं, त्यानंतर लोखंडी नांगर.

लोखंडाने जमीन नासते

लाकडी नांगर ज्याने धरलाय किंवा आज्याला धरताना बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. तो माती चिरतो, पण उलथत नाही. हरळी आणि कुंदा तसाच खाली राहतो आणि पहिल्या पावसाला परत डोकं वर काढतो. काळ्या रानात खोल जायचं तर सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. लोखंडी नांगर ढेकूळ पलटी करतो, तणाच्या मुळ्या उन्हात उघड्या पडतात. विलायती लोखंडी नांगर तेव्हा मिळत होते, पण ते परदेशातून येणार, महाग पडणार आणि मोडला तर सुटा भाग कुठून आणायचा हा प्रश्न. तसाच नांगर इथेच बनवायचा असं लक्ष्मणरावांनी ठरवलं.

नांगर तयार झाला आणि घ्यायला कुणी येईना. लोखंडाचं विष जमिनीत उतरतं, रान नापीक होतं, अशी समजूत शेतकऱ्यांत घट्ट बसली होती. पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षं लागली. ४० नांगर आणि २४ महिने, म्हणजे महिन्याला दोनसुद्धा नाहीत. त्यात भट्टी, कोळसा, कामगारांचा पगार आणि घरखर्च. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणवणं सोपं होतं. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. वर्षात एक पीक, त्यावर घर. एक हंगाम फसला तर सावकाराच्या दारात. परक्या माणसाच्या सांगण्यावरून तो आपल्या रानाशी खेळ कसा करेल?

किर्लोस्करांनी वाद घालत बसण्यापेक्षा नांगर चालवून दाखवण्याचा रस्ता धरला. एका शेतकऱ्याने घेतला, त्याच्या रानातली हरळी कमी झाली, पीक बरं आलं, की शेजारचा बांधावरून बघायचा. त्याने घेतला की तिसरा यायचा. कारखानदाराचं बोलणं शेतकऱ्याला पटलं नव्हतं, शेजाऱ्याचं रान पटलं. गावाकडे कुठलीही नवी गोष्ट, मग ते ठिबक असो की नवं बियाणं, अजून अशीच पसरते. उलट बाजूने कारखान्यालाही शेतकऱ्याकडून शिकावं लागलं. नांगर कुठे झिजतो, बैलाच्या मानेवर जोर कसा येतो, चिकट रानात माती कुठे धरते, हे कारखान्यात बसून समजत नाही. ते वापरणाराच सांगतो. ऐकून घेऊन माल सुधारायचा एवढं कारखानदाराच्या हातात.

उठवलं गेलेलं बिऱ्हाड

धंदा जरा रुळावर येतोय तोच दुसरं संकट आलं. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करा, असा बेळगाव नगरपालिकेचा तगादा सुरू झाला. भट्टी आणि यंत्रं घेऊन जायचं कुठे? जमवाजमव करून उभा केलेला कारखाना एका कागदाने मोडीत निघायची वेळ आली होती.

तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते १९०९ साली गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि संस्थानात उद्योग यावा अशी तळमळ असलेले. किर्लोस्करांचं काम त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा दिली आणि १०,००० रुपये कर्ज दिलं.

जागा म्हणजे निव्वळ माळ. निवडुंगाचं रान, साप, पाण्याची बोंब. १० मार्च १९१० रोजी तिथे वाडीची सुरुवात झाली. सोबत होते २५ कामगार आणि त्यांची बायकापोरं. चांगल्या बेळगाव शहरातून उठून निवडुंगात राहायला येणाऱ्या त्या २५ घरांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. पण पहिल्या दिवसाची जोखीम मालकाइतकीच त्यांनीही घेतली होती.

इंग्लंडमध्ये कॅडबरी कंपनीने कामगारांसाठी बोर्नव्हिल वसवलं होतं, साबणवाल्या लिव्हरने पोर्ट सनलाइट वसवलं होतं. त्याबद्दल लक्ष्मणरावांनी वाचलं होतं. कारखाना आणि गाव एकत्र वाढवायचं हा विचार तिथला. इथे त्यांनी तो आपल्या ऐपतीप्रमाणे उतरवला. घरं, पाणी, शाळा, झाडं, स्वच्छता असं एकेक उभं राहत गेलं. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडक होता. शंभर वर्षांपूर्वी, आजूबाजूच्या गावांत पाणवठे वेगळे असताना, हे नुसतं ठरवणंही सोपं नव्हतं.

नापासांची शाळा

किर्लोस्करवाडीची खरी गंमत इथून पुढे आहे. इथे आलेली माणसं कोण होती ते बघा. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, पुढे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नाव काढलं. के. के. कुलकर्णी अभ्यासात अपयशी आणि खोडकर म्हणून ओळखले गेलेले, ते व्यवस्थापक झाले आणि गावोगाव फिरून कारखान्याचे वकील झाले. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले, सगळ्या हिशेबाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शंभुराव जांभेकर हरहुन्नरी, यंत्रापासून वाडीच्या सोयीसुविधांपर्यंत कुठेही हात घालणारे.

आणि तुकाराम रामोशी, पिऱ्या मांग. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली ही माणसं. गावाने ज्यांना दारात उभं केलं नसतं त्यांच्याच हातात लक्ष्मणरावांनी वाडीची राखण दिली. त्यांनी ती चोख केली.

यातल्या कुणाकडे मोठी पदवी नव्हती. लक्ष्मणरावांकडे तरी कुठे होती? म्हणून त्यांनी माणूस निवडताना कागद बघितला नाही, कल बघितला. पण नुसता विश्वास टाकून भागत नाही. चुकलं तर सांभाळून घेणारा, दाखवून देणारा माणूस शेजारी लागतो. वाडीत ती व्यवस्था आपोआप होती, कारण सगळे एकाच माळावर राहत होते. जुन्याने नव्याला हाताखाली घ्यायचं, चार महिन्यांनी नव्याने आणखी नव्याला घ्यायचं. भट्टीवरच्या माणसाची अडचण लेथवरच्याला माहीत, दोघांची अडचण हिशेबवाल्याला माहीत. संध्याकाळी पारावर बसलं तरी विषय कामाचाच निघणार. आज मोठ्या शहरांत उद्योजकांचे गट भरतात, वर्गणी भरून एकमेकांच्या अडचणी ऐकतात. वाडीत ते रोजचं जगणं होतं.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारं लोखंड आटलं आणि कारखाना बंद पडायची वेळ आली. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, पाण्याचे पंप असा माल वाढत गेला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

कारखान्याचं मासिक

त्याच १९२० साली आणखी एक गोष्ट झाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. सुरुवातीला ते कारखान्याचं पत्रकच होतं. गिऱ्हाइकांना, एजंटांना मालाची माहिती द्यावी एवढाच हेतू. पण हळूहळू त्यात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा असे विषय येत गेले. आपल्यासारख्याच माणसाने धंदा कसा उभा केला हे गावागावातला तरुण वाचायला लागला. पुढे त्याचं नाव नुसतं 'किर्लोस्कर' झालं, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' अशी भावंडं निघाली. मुंबई-पुण्याबाहेरच्या एका माळावरून निघणारी ही मासिकं महाराष्ट्रभर वाचली जात होती.

लक्ष्मणरावांनी तरुणपणी अमेरिकन मासिकांतून धंदा शिकला होता. आता त्यांच्या कारखान्यातून निघालेलं मासिक दुसऱ्यांना मराठीत तेच पुरवत होतं. शिकलेलं पुढे देण्याचा हा फेरा इथे पूर्ण झाला.

आसपासही हालचाल वाढली होती. औंध संस्थानातच कराड स्टेशनाजवळ १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला, तिथला प्रभाकर कंदील घराघरात गेला. साताऱ्याकडे कूपर यांच्या कारखान्यातही नांगर बनू लागले. म्हणजे स्पर्धा आलीच. पण जो शेतकरी लोखंडाला हात लावत नव्हता तो आता दोन-तीन कंपन्यांचे नांगर घासाघीस करून घेत होता. बाजार तयार करण्याची किंमत पहिल्याने भरली, फायदा सगळ्यांना झाला. त्याबद्दल पहिल्याने कपाळाला हात लावला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

उतरता काळ

सगळं सोपं झालं असं नाही. १९३० च्या आसपासच्या मंदीत शेतमालाचे भाव पडले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही म्हटल्यावर नांगर कोण घेणार? कारखान्याने लोखंडी फर्निचर बनवायला घेतलं आणि कामगारांच्या हाताला काम ठेवलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून आले होते. कागदावरून अमेरिका शिकलेला बाप आणि तिथे जाऊन शिकलेला मुलगा, दोघांची पद्धत वेगळी. पण बापाने वेळ आल्यावर कारभार पुढच्यांच्या हातात दिला. मधल्या काळात ते औंध संस्थानचे दिवाणही होते. हरिहर, बंगळूर, पुणे अशा ठिकाणी पुढच्या पिढीने नवे कारखाने उभे केले.

१९४८ साली गांधीहत्येनंतर जी जाळपोळ झाली तिची झळ वाडीच्या कारखान्यालाही बसली. ज्या माळावर जात न बघता माणसं जमवली होती, त्याच माळावर जातीच्या रागातून आग आली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. आयुष्यभराचं काम जळताना ऐकणं त्या वयात काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी. कारखाना परत उभा राहिला, कारण काम येणारी माणसं शिल्लक होती. यंत्रं जळतात, हाताला बसलेली कला जळत नाही.

१९५६ साली पुण्यात लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आज काय घ्यायचं

लक्ष्मणरावांच्या गोष्टीत भाग्याचाही वाटा होता. पंतप्रतिनिधींसारखा राजा सगळ्यांना भेटत नाही, ३२ एकर कुणी देत नाही. शिकलेलं घर, मुंबईची ओळख हेही प्रत्येकाच्या नशिबी नसतं. ते मान्य करूनही काही गोष्टी उरतात ज्यांना पैसा लागत नाही. आपल्याला येतं ते शेजाऱ्याला दाखवणं. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घेणं. नापास पोराला चार महिने हाताखाली धरणं. महिन्यातून एकदा आपल्यासारखे पाच-सहा दुकानदार, गिरणीवाले, दूधवाले, बचत गटाच्या बाया एकत्र बसून या महिन्यात कुठे फसलो हे मोकळेपणाने बोलणं. आपल्याकडे अडचण अशी की नफा झाला तर सगळा गाव सांगतो, तोटा झाला तर घरातल्यालाही कळू देत नाही. आणि शिकायचं असतं ते तोट्यातूनच.

वाडीत आजही कारखान्याचा भोंगा होतो, पंप बनतात, पोरं डबा घेऊन कामाला जातात. भोवतालच्या रानात आता ट्रॅक्टरचा पलटी नांगर चालतो. लोखंडाने जमीन नासते असं आता कुणी म्हणत नाही. कधीकाळी म्हणत होते, एवढीसुद्धा आठवण कुणाला राहिलेली नाही. ज्याने ती भीती घालवायला दोन वर्षं ४० नांगर घेऊन वाट बघितली, त्याचं नाव तेवढं स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर आहे.